कुमुदताईंनी जाळलेली रोपं

डॉ. कुमुदिनी भंगाळे यांना मी प्रथम पाहिलं ते धुळ्यात, आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात. एकोणीसशे ऐंशीचं दशक सरत आलं होतं. व्याख्यान सुरू करण्यापूर्वी ताईंनी पिशवीतून काचेची बाटली काढली. आत केळीचं बोटभर रोप होतं. "हे मातीशिवाय वाढलंय," असं म्हणून त्यांनी बाटली थेट आम्हां मुलींच्या हातात दिली. तोवर उपकरणं मुलांनी हाताळायची आणि मुलींनी आकृत्या काढायच्या, असाच रिवाज होता.

पदवीनंतर ताईंनी मला जळगावच्या आपल्या ऊतिसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चरच्या, प्रयोगशाळेत बोलावलं. घरून नकार आला, तेव्हा त्या स्वतः आमच्या गावी आल्या.

"ताई, पोर एकली शे. तिले इतली दूर कशी धाडू?" माझ्या वडिलांनी, आबांनी विचारलं.

ताई मूळच्या सावद्याच्या. अहिराणी त्यांची घरची बोली नव्हे. तरी त्या म्हणाल्या, "आबा, एकली नही शे. मी शे ना तिनासंगे."

आबा हसले आणि मी जळगावला आले. खोली मिळेपर्यंत ताईंनी मला स्वतःच्या घरी लेकीसारखं ठेवून घेतलं. प्रयोगशाळेत मात्र लेकीलाही सूट नव्हती. हात नीट न धुता आत पाऊल टाकलं, की त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जाई.

पुण्यातली नोकरी सोडून ताई परतल्या होत्या त्या केळीच्या निरोगी रोपांसाठी. कंद लावणाऱ्या शेतकऱ्यांना ते पटेना. "बाटलीतल्या रोपाले घड येईन का?" असं सावद्याचे नाना पाटील भर बैठकीत म्हणाले. ताईंनी पहिली लावण आपल्या भावाच्या मळ्यात केली. घड असे भरले, की ते पाहायला आसपासच्या गावांतून बैलगाड्या आल्या. नानांनीही रोपं सांगून ठेवली.

पुढच्याच हंगामात, रोपं द्यायच्या आठवड्यात, ताईंना काही पानांवर पिवळे पट्टे दिसले. ज्यापासून ती सगळी रोपं केली होती, त्या मातृरोपातूनच विषाणू आला होता.

त्यांचे भागीदार म्हणाले, "थोड्याच रोपांवर आहेत. बाकीची देऊन टाकू. वावरात गेल्यावर कोण विचारतं?"

"वावरात गेल्यावरच रोग पसरतो," ताई म्हणाल्या. "अख्खी तुकडी जाळायची."

आम्ही रोपं जाळली. भागीदार निघून गेले. प्रयोगशाळा बंद पडायची वेळ आली. मी रडत होते. ताईंचेही डोळे भरले होते, पण दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन त्या सावद्याला गेल्या आणि सगळ्यांसमोर घडलेलं सांगितलं. मग नाना उठले. "ताई, बाग वाचवली तुम्ही आमची. पुढच्या हंगामात पहिली रोपं माह्या मळ्यात."

त्या शब्दावर प्रयोगशाळा पुन्हा उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत पहूरपासून शिरपूरपर्यंतच्या मुली तिथे शिकून गेल्या. आज त्यांतल्या कितीजणी स्वतःच्या प्रयोगशाळा चालवतात! कुठेही भेटलो, तरी ‘मी कुमुदताईंची’ एवढीच ओळख आम्हांला पुरते, आणि ती सांगताना मान आपोआप ताठ होते.

ताई पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आमच्या कामातल्या चुका त्यांनी आणखी पुष्कळ वर्षं काढत राहावं.