नऊ नंबरचं संत्रं

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं एका संत्र्यावरून भांडलो. भांडण रोजचंच, म्हणून ते शेवटचं आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बायको खिडकीच्या फळीवर बारा संत्री मांडून बसली होती. नव्या अल्बमच्या एका गाण्याला एक. डावीकडे मोठ्या मालाची रांग, उजवीकडे चुरी, म्हणजे बारीक टाकाऊ माल. अकरा संत्री आपापल्या जागी गेली होती. नऊ नंबरचं मात्र मधेच होतं. मी ते उचलून चुरीत ठेवलं. तिनं माझ्याकडे न पाहता हात लांबवला आणि परत मधे आणून ठेवलं.

"हे गाणं पुरं ऐकलं का तुम्ही?"

"अर्धं ऐकलं. बकवास आहे."

"मंग अर्धंच संत्रं चुरीत टाका."

"उद्या ऐकतो पुरं."

"ऐका. तोपर्यंत ह्याले हात लावू नका."

माझी बायको एका रॅपरची भक्त होती. वय अडुसष्ट. त्या रॅपरचं नाव मोठं आहे, पण ती त्याला भांडखोऱ्या म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. तिला स्वतःला पांढुर्ण्यात सगळे छाटणीकाकू म्हणत, कारण संत्रा मंडीत तीस वर्षं तिनं छाटणी केली. ढिगात हात घातला की डोळे मिटूनसुद्धा मोठा, मध्यम, चुरी वेगळं करायची. मीही तिला छाटणीच म्हणायचो. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही.

मी त्याच मंडीत पेट्या ठोकायचो. खिळे तोंडात, हातोडी हातात. तीन ठोके, मग दुसरा खिळा तोंडातून काढायला लागेल तेवढी उसंत, की परत तीन ठोके. ती समोरच्या ढिगाजवळ बसून बायकांशी, अडत्याशी, माझ्याशी भांडायची आणि तिचं बोलणं बरोबर माझ्या ठोक्यांवर पडायचं. "पेटी पक्की, खिळा पक्का," आणि मी थांबलो की त्या उसंतीत, "ठोकणारा मात्र कच्चा." बायका पोट धरून हसायच्या. माझ्या तोंडात खिळे, मी उत्तर काय देणार. आमचा संसार टिकला तो बहुतेक त्या खिळ्यांमुळेच.

मग प्लॅस्टिकचे क्रेट आले. माझी हातोडी सुटली, पुढं तिचीही छाटणी सुटली. घरात दोघं समोरासमोर आलो आणि तिला भांडायला ताल मिळेना. भाजी चिरताना कधी तीच ठकठक करून पाहायची, पण जमायचं नाही.

असं असताना आम्ही तिच्या माहेरी सौंसरला निघालो. जीपवाल्यानं गाणं लावलं होतं. तिनं थोडं ऐकलं आणि पुढं वाकून विचारलं, "हा गाऊन राहिला का भांडून राहिला?"

"रॅप आहे काकू. ह्याच्यात बोलतच राहते माणूस."

"पैसे भेटते याचे?"

"लय भेटते."

ती मागे टेकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिच्या वाट्याचं मीच कुठं लपवलं होतं. "मंग मी तीस वर्षं काय केलं?" सौंसर येईपर्यंत तिनं जीपवाल्याकडून दहा गाणी ऐकली. माहेरी उतरल्यावर भावजयीला रामराम घालायच्या आधी तिला विचारलं, भांडखोऱ्या माहीत आहे का म्हणून.

आमच्या घरासमोर पक्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पक्या तिच्याहीपेक्षा जुना भक्त. भांडखोऱ्याच्या भुवईत दोन चिरा आहेत म्हणून यानंही वस्तऱ्यानं मारून घेतल्या होत्या. दोघांचं रोज बोलणं चाले. नवा अल्बम शुक्रवारी येणार, तर पक्या गुरुवारपासून दुकानात उभाच होता. शुक्रवारी दुपारी आला तो पडलेल्या तोंडानं. भुवईतल्या चिरा त्यानं काजळानं भरून टाकल्या होत्या.

"फ्लॉप आहे काकू. धोका देला त्यानं. नऊ नंबर पाहा, ना गाणं ना भाषण. मधेच बोलणं बंद करून देते."

"कितीक वेळ ऐकला?"

"एकदा. एक्स्ट्रा स्पीडनं."

तिनं त्याच्या भुवयांवरचं काजळ पदरानं पुसलं. ते आणखी पसरलं. आता त्याला एकच मोठी भुवई झाली. त्याच अवतारात तो रात्रीपर्यंत दुकान सांभाळत बसला, कारण आम्ही दोघांनीही त्याला सांगितलं नाही.

रात्रीपर्यंत मोबाइलवर शहाण्यांचे निकाल यायला लागले. एक चष्मेवाला म्हणाला, अल्बम जुनाच माल आहे, पण नऊ नंबर म्हणजे कमाल. खाली हजारो पोरं त्याला शिव्या देत होती की नऊ नंबर हीच तर घाण आहे. आमच्या पानठेल्यावर दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीनं दुसरीचा चहा बंद केला. छाटणीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तोडल्या दिवशी संत्रं आंबटच लागते. तणसात घालून आठ दिवस पडू द्या. पोरगं थकलं का शहाणं झालं, हे आठ दिवसांनी समजते."

मंडीतला हाच तिचा कायदा होता. मोठमोठे व्यापारी बागेत उभं राहून चव घेत आणि ती त्यांना वेड्यात काढी. आता तिनं तो कायदा अल्बमला लावला. फळीवर बारा संत्री मांडली. रोज सकाळी बाराही गाणी ऐकायची, एखादं संत्रं हलवायची, परत आणायची. पानठेल्यावर निरोप गेला की पुढच्या शुक्रवारी काकूचा निकाल आहे. लोक खरंच थांबले. चहा मात्र बंदच राहिला.

मला रॅप आवडत नाही. अकरा गाणी मी तिच्यासाठी सोसली. पण नऊ नंबर लागलं की ती डोळे मिटायची, ढिगात हात घालताना मिटायची तशी, आणि मी समोर बसलेला तिला दिसायचो नाही. म्हणून त्याचं बोलणं थांबलं की मी उठून न्हाणीत जायचो. एकदा विचारलं, "काय आहे वं त्याच्यात एवढं?" म्हणाली, "पुरं ऐका न."

त्या गुरुवारी भांडण झालं, जेवलो, निजलो. शुक्रवारी ती उठली नाही.

शेजारणी आल्या. मुलगी छिंदवाड्याहून निघाली होती, तिला यायला दुपार होणार होती. पक्या दारात उभा होता. तो निकाल विचारायला आला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. भुवईतल्या चिरा अर्ध्या भरून आल्या होत्या. मी त्याला म्हणालो, "नऊ नंबर लावून दे."

"काकाजी, आता?"

"आता नाही तं कवा?"

त्यानं लावलं. शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. भांडखोऱ्या बोलला, बोलला आणि मधेच बंद झाला. मी उठलो नाही. पुढं नुसता लाकडावरचा आवाज होता. तीन ठोके. मग एक खिळा तोंडातून काढायला लागेल तेवढी उसंत. परत तीन ठोके. गाणं संपेपर्यंत तेवढंच. त्या उसंतीत कोणी काही बोलत नव्हतं.

मी पुरं ऐकलं. मग तिच्याजवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, "दुसरा ठोका कच्चा आहे. खिळा वाकला असता." फळीवरचं मधलं संत्रं उचललं आणि चुरीत ठेवलं. थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. एरवी एवढ्यात तिचा हात आला असता.

मग मीच ते उचललं आणि परत मधे ठेवलं.