उजव्या हाताची देवी

मी ज्याला नृत्य म्हणत होते, त्याला अलिबागेत कोणीच नृत्य म्हणायला तयार नव्हतं. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी मुंबईहून नव्या पद्धतीचं नृत्य शिकून आले आणि मुलींच्या शाळेत 'तालबद्ध व्यायामा'च्या बाई म्हणून रुजू झाले. 'नाच' हा शब्द वेळापत्रकात दिसला तर पालक मुली काढून नेतील, असं हेडमास्तरांचं म्हणणं. आणि गॅदरिंगला यांनाच नाच हवा, तोही कोळी नाच. समुद्र शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि मी वकिलांच्या मुलींना कोळीण कशी चालते ते शिकवत बसायचं. माझं डोकं उठायचं.

एका वर्षी हट्टाने माझं स्वतःचं नृत्य बसवलं. घुंगरू नाहीत, मुद्रा नाहीत. मुली जमिनीवर पडलेल्या आणि नुसत्या श्वासाच्या लयीवर हळूहळू उठणाऱ्या. त्या अर्ध्या उठल्या असतील-नसतील, तोच पहिल्या रांगेतल्या एका वकीलसाहेबांनी मोठ्याने विचारलं, "सुरू कधी होणार?" सगळा मांडव हसला. मुलीही हसल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

शेवटपर्यंत गंभीरपणे बघत होते ते फक्त सरकारी दवाखान्यातले डॉक्टर. मला वाटलं, चला, निदान एक माणूस तरी निघाला. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले आणि म्हणाले, "तुम्ही हातपाय हलवायला शिकवता ना? मग एका बाईचा हात हलवून द्या." बंद पडलेला पंप दुरुस्त करून मागावा तसं. पुढे मी शाळा सोडली आणि जन्मभर अडलेली अंगं हलवायचंच काम केलं, त्याची सुरुवात ही अशी झाली. त्या कामाला तेव्हा नावसुद्धा नव्हतं. लोक मला मालीशवाली म्हणायचे.

ती बाई कोळीवाड्यातली, पंचविशीची. नवऱ्याची होडी परत आली नाही, त्या दिवसापासून तिचा उजवा हात लुळा पडला होता. हाडाला, शिरेला काही झालेलं नाही, दुखणं मनाचं आहे, असं डॉक्टर म्हणत. सासूला हाड-शीर ठाऊक नव्हती. तिचा हिशेब सरळ होता: सून माहेरी, नात इथेच. "पाटी उचलता येत न्हाय, मासली कापता येत न्हाय. नारली पुनवेपर्यंत बगीन, मंग हिला म्हायेरी धारीन. नात माज्या लेकाची हाय, ती हतंच ऱ्हाईल." नात चार वर्षांची होती आणि आईचा पदर सोडत नव्हती.

मी रोज शाळा सुटली की जायचे. ओटीवर तिला बसवायचं, श्वास, मान, खांदे, मग सगळं अंग डोलवायचं. हाताचं नावही काढायचं नाही, हात आपणहून आला पाहिजे, अशी माझी पद्धत. सासू समोर जाळं विणत बसायची आणि शेजारणींना सांगायची, "बाई शिकलेली हाय, पन हातालाच हात लावीत न्हाय." पाऊस ओसरत आला, पुनव जवळ आली, हात जिथल्या तिथे. मला रात्री झोप लागेना.

शेवटी एके दिवशी शाळेतली खंजिरी घेऊन गेले. वार शुक्रवार होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी ताल धरला, ती डोळे मिटून डोलायला लागली. केस सुटले. आणि उजवा हात उठला, खांद्याच्या वर गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यात सासूने जाळं फेकलं आणि हात जोडले.

"आई आयली."

पुढचं काय सांगू. नारळ आला, हळद आली, अख्खा कोळीवाडा ओटीवर. ज्या कपाळावरचं कुंकू सासूनेच पुसलं होतं, त्याच कपाळावर सासू मळवट भरत होती. मी घसा फोडून सांगत होते, अहो, हा व्यायाम आहे, मी शिकवलाय. "गप ऱ्हावा, बाई," एकीने मला बाजूला सारलं, "कोप व्हईल." दर शुक्रवारी हेच सुरू झालं. वादळ येईल का, पोरगा होईल का, सगळे तिला विचारायचे. बाकीचे दिवस हात पुन्हा लोंबता. डॉक्टरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. माझी महिनोन्महिन्यांची मेहनत देवीने फुकटात पळवली होती आणि मला ते मुळीच सहन होत नव्हतं.

पुनवेच्या आदल्या शुक्रवारी ठरवलं, आज सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावायचा. मुद्दाम लवकर गेले. घरात कोणी नव्हतं. परसात ती, उघडीप बघून उन्हाला घातलेले साठवणीचे सुके बोंबील दोन्ही हातांनी काठीवरून उतरवत होती, भराभर. मला पाहून हात लपवला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं. रागाने माझा आवाज फाटला होता.

"झाले थोरे दिस." ती बोंबील टोपलीत टाकत राहिली. "बाई, हात बरा झायला त मी परत सून. उद्या दिराचा लगीन व्हईल, दुसरी सून येईल, मंग मला कवा बी काडतील. आईला कोन हाकलील?"

 मी तशीच पुढे ओटीवर जाऊन बसले.

संध्याकाळी ओटी माणसांनी भरली. ती पाटावर घुमत होती. सासू मात्र त्या दिवशी माझ्याकडे वळली. कोळीवाड्यात म्हातारी झालेली, डोळे तीक्ष्ण. "बाई, तुमी शिकलेल्या. खरा सांगा. आई हाय, का तुमचा व्यायाम हाय?"

इतके दिवस हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी तडफडत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. तिनेही घुमता घुमता डोळे किलकिले केले.

"आई आहे," मी म्हटलं, आणि वाकून तिच्या पाया पडले.

ओटीवर एकच गलका झाला. त्या गलक्यावरून तिचा आवाज आला, जाड, घोगरा, "पोर माज्या मांडीवर आना." सासूने स्वतः नात उचलून तिच्या मांडीवर दिली. तिने तिला दोन्ही हातांनी धरलं.