अठराचा आकडा

भित्री भागूबाई हे नाव तिला थोरल्या भावाने ठेवलं, आणि ते असं काही चिकटलं की घरात सगळे तिला भागूच म्हणू लागले. झुरळ दिसलं की ही पलंगावर, कुकरची शिट्टी झाली की आईच्या पाठीमागे. अशा मुलीने नर्सिंगला जायचं ठरवल्यावर भाऊ पोट धरधरून हसला. वडील शिंपी होते. त्यांनी तिचे दोन गणवेश स्वतः शिवले आणि खिसे जरा खोल ठेवले. "हात थरथरायला लागले तर खिशात घालत जा," ते म्हणाले. भागूला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या वर्षी तिची ड्यूटी पुरुषांच्या वॉर्डात लागली, आणि तिथे होत्या मोठ्या सिस्टर. मुली त्यांना पाठीमागे तोफ म्हणत. तोफेपाशी एक वही होती. चुकलेल्या मुलीच्या नावापुढे त्यात लाल शेरा पडायचा आणि तीन शेरे झाले की सहा महिन्यांचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून. भागूचे दोन झाले होते. एक थर्मामीटर फोडल्याबद्दल, आणि दुसरा, तो का फुटला हे विचारल्यावर उत्तर न देता रडल्याबद्दल.

आता श्वास मोजण्याची एक गंमत सांगायला हवी. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस बिचारा श्वास बदलतोच. म्हणून मुलींना शिकवतात, की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. नाडीच बघतोय असं दाखवायचं आणि हळूच छातीकडे नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पण जे काम कुणाला दिसूच द्यायचं नाही, ते केलं नाही तरी कुणाला दिसत नाही. वॉर्डात बत्तीस खाटा होत्या. बहुतेक जणी चार्टच्या वरच्या ओळीत बघून अठरा, म्हणजे निरोगी माणसाचा आकडा, लिहायच्या आणि पुढे सरकायच्या.

अकरा नंबरच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. पाय सुजले म्हणून आलेले, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्या दिवशी सकाळी भागूला उशीर झाला होता. तिने त्यांचा ताप बघितला, ब्लडप्रेशर घेतलं, अर्धं मिनिट नाडी मोजली, वर अठरा होते म्हणून खाली अठरा लिहिलं आणि बारा नंबरकडे वळली. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी चार्ट बघितला, "छान" म्हणाले आणि तेही वळले.

अकराच्या सुमारास ती पाण्याचा तांब्या भरायला गेली तेव्हा आजोबा तिला आपल्या दुकानातल्या लंबकाच्या घड्याळाची गोष्ट सांगू लागले. "ते घड्याळ ना," ते म्हणाले, आणि थांबले. "माझ्या वडिलांनी," पुन्हा थांबले. एरवी हा माणूस स्वल्पविरामसुद्धा घेत नसे. भागूने तांब्या खाली ठेवला, त्यांचं मनगट धरलं आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. चौतीस.

चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा मोजलं. छत्तीस. सांगायला जावं तर सकाळचा आकडा उघडा पडणार, आणि न जावं तर आजोबा! ती खाटेपाशी किती वेळ उभी राहिली कोण जाणे. तेवढ्यात आजोबा उशीवर उठून बसायला धडपडू लागले आणि ती धावत सुटली.

तोफ आणि डॉक्टर दोघंही आले. तोफेने मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि एका हाताने चार्ट उचलला.

"सकाळी अठरा, आता छत्तीस? दोन तासांत? इतकं अचानक झालं असेल तर फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असेल, हळूहळू वाढलं असेल तर पाणी साठलं असेल. उपचार वेगळे आहेत. नीट सांग, सकाळी अठराच होते ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर सुटली असती. भागूने दोन्ही हात खिशात घातले. खिसे खोल होते, तरी कोपरं थरथरत होती.

"मी मोजलेच नव्हते, सर. वर होते तेच लिहिले."

"मग त्याच्या वरचे?"

तोफेने चार्ट हातात घेतला. दोन दिवसांचा रकाना वरपासून खालपर्यंत अठरा, अठरा, अठरा. प्रत्येकासमोर सही वेगळी. एका सहीपाशी तिचं बोट थांबलं.

"कालचा दुपारचा माझा आहे," तोफ म्हणाली. तिचा आवाज इतका लहान भागूने कधी ऐकला नव्हता. "मीही मोजला नव्हता. हळूहळूच वाढलं असणार. पाणी धरूनच चला."

आजोबांना आयसीयूत नेलं. दुपारी तोफेने वही उघडली, भागूच्या नावापुढे तिसरा लाल शेरा लिहिला आणि त्याच्या खाली स्वतःचं नाव घालून एक लिहिला. मग ती बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिली. भागूचे सहा महिने गेले ते गेलेच. घरी सांगितल्यावर भाऊ हसला नाही, हे तिला जास्त लागलं.

पाचव्या दिवशी आजोबा वॉर्डात परत आले. वाळले होते, पण तोंड सुरू झालं होतं. भागूने त्यांचं मनगट धरलं. नाडी झाली, तरी सोडलं नाही. दहा, अकरा, बारा.

"काय गं," ते म्हणाले, "आज एवढा वेळ? एरवी अर्ध्या मिनिटात सोडायचीस. घड्याळवाला आहे मी, मला कळतं."

डॉक्टरांपुढे वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली.

"आजोबा, त्या दिवशी मी तुमचा श्वास मोजला नव्हता. खोटा आकडा लिहिला होता."

सांगताना त्यांचं मनगट तिच्या हातातून सुटलं. आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी सुटलेलं मनगट पुन्हा तिच्या हातात दिलं.

"मी मधेच बोललो, तुझा आकडा चुकला असेल," ते म्हणाले. "पहिल्यापासून मोज."