बाबांच्या व्हिडिओतली बारा मिनिटं

सांगूनच टाकते, नाहीतर परत राहून जाईल. बाबांची नोकरी माझ्यामुळे हुकली. घरात कुणी तसं म्हणत नाही, पण मला माहितीये ना.

बाबा हॉकीचे कोच. आधी रेल्वेकडून खेळले, मग बाहेरच्या दोन देशांच्या टीमना शिकवलं. दुसरी टीम हरत गेली आणि करार संपला. मग परत झाशी, मातीचं मैदान आणि रोज सकाळी वीसेक मुली. त्या त्यांना सर जी म्हणतात. मैदानात मीपण सर जीच म्हणायचं, चुकून बाबा म्हटलं की शिक्षा म्हणून मैदानाला एक चक्कर. मी खूप चकरा मारल्यात!

तीन वर्षं कुणी बोलावलं नाही. मग एका लांबच्या देशातून मेल आली. मुलींच्या टीमला कोच हवाय, एका पूर्ण सरावाचा व्हिडिओ पाठवा. बाबा एका बोटाने टाइप करतात, त्यामुळे मेलचं खातं माझ्याकडे.

मी मोबाइलवर सगळा सराव शूट केला, दीड तास. त्यात जवळच्या बबीनाच्या लष्करी छावणीतून येणारी एक फौजीची मुलगी होती. कुठलाही बॉल तिच्या स्टिकला लागून उडायचाच. बाबा बारा मिनिटं फक्त तिच्याजवळ उभे होते. हळूच बॉल सोडायचे, तो उडायचा, परत सोडायचे. एकदा तिचा डावा हात जरा सरकवला. बोलले एकच वाक्य, "बिटिया, गेंद को आने दो." आणि शेवटी बॉल स्टिकला चिकटल्यासारखा थांबला. ती हसलीपण नाही, नुसती बॉलकडे बघत राहिली.

घरी बघताना मला तोच भाग सगळ्यात बोअर वाटला. वाटलं, दीड तास कोण बघणार? कापून चार मिनिटांचा केला, गोलच गोल, खाली धडाधड म्युझिक. मोबाइल भरला होता म्हणून मूळचा उडवला. बाबांना म्हटलं, पाठवला, एकदम भारी झालाय. त्यांनी बघायलाही मागितला नाही.

आठवड्याने उत्तर आलं, मीच वाचून दाखवलं. मुली छान खेळतात, पण यात कोच कुठेच दिसत नाही, म्हणून तुमचा विचार करता येणार नाही. बाबांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्या बबीनाच्या मुलीचा भाग नीट आला नसेल का गं?"

हो म्हणून सुटता आलं असतं.

"मी तो कापला, बाबा."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुला मेलीला सगळ्याचीच घाई." बाबांनी एवढंच विचारलं की मूळचा आहे ना. मी मान हलवली, नाही.

चूक माझी, परत शूट करून पाठवते, असं मी त्या टीमवाल्यांना लिहिलं. त्यांनी तोवर दुसऱ्या कोचला घेतलं होतं. त्याच महिन्यात त्या मुलीच्या वडिलांची बदली झाली, तीपण गेली.

आता मी रोज पूर्ण सराव शूट करते, काही कापत नाही. कुणी मागत नाही. काल एका नव्या मुलीचा बॉल असाच उडत होता, बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, मी मोबाइल धरला. ते माझ्याकडे आले आणि हाताने मोबाइल खाली केला. "राहू दे आता."

"पण बाबा," म्हणाले मी, सगळ्यांसमोर.

त्यांनी चक्कर मारायला सांगितलं नाही. परत त्या मुलीकडे गेले.