अक्काचा गडू

काशीयात्रा करून आल्याला वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा आमच्या मालकांच्या डोक्यात आलं की तिचं पुस्तक व्हावं. शिंदखेड्याकडची शेती मुलांवर सोपवून आम्ही धुळ्यात राहायला आलो होतो. दुसरी लढाई चालू होती, कागदाची मारामार होती. तरी त्यांचा हट्ट. मी म्हणाले, मी चौथी शिकलेली, चार ओळींचं पत्र लिहिताना माझा हात अडतो.

"लिहिणारा मी शोधतो. तू नुसतं सांग," ते म्हणाले.

त्यांना पुस्तक हवं होतं ते बहिणीसाठी. माझी नणंद, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, माझ्याबरोबर काशीला गेली आणि परत आली नाही. ती लहानपणीच विधवा झालेली. आई गेल्यावर मालकांना तिनंच वाढवलं. तिला काशीत मरण आलं याचा त्यांना अभिमान होता. आल्यागेल्याला सांगत. बायका मला विचारत, "शेवटी तिच्या तोंडात गंगा कोणी घातली?" मी म्हणे, "मी." मग त्या माझ्या पाया पडत.

अक्का काशीत मेली नाही. ती मेली की नाही हेच मला माहीत नव्हतं.

घरात देवळीत तिचा गडू होता. काशीहून गंगा आणतात तो तांब्याचा, तोंडाला डाक लावून बंद केलेला. माझाही तसाच होता. यात्रेहून आल्यावर गावजेवण घालतात त्या मावंद्याच्या दिवशी माझा फोडला, सगळ्या गावाला तीर्थ दिलं. अक्काचा तसाच ठेवला, कारण ज्याचा गडू त्याच्या मावंद्याला फुटतो. मालक रोज त्याला फूल वाहत. देवळीच्या भिंतीपलीकडे शेजारीण उखळात मिरच्या कांडायची. दुपारी मुसळ पडायला लागलं की गडू हलायचा आणि आतलं पाणी वाजायचं. लोकांना ते पाणी वाटे. मला तो माणसाच्या घशातला आवाज वाटायचा, उलटीच्या आधीचा. मी दुपारची घरात थांबत नसे.

मालकांनी आधी जळगावचा एक कीर्तनकार आणला. त्याला अक्काच्या मरणाच्या वेळी आकाशात उजेड दिसायला हवा होता. मी म्हटलं, उजेड नव्हता. तो म्हणाला, "आठवून बघा." पुन्हा मी त्याच्यासमोर बसले नाही.

मग दोन गल्ल्यांपलीकडचे पेन्शनीत निघालेले मास्तर मिळाले. माणूस चांगला, अक्षर मोत्यासारखं. मी रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर जायची. मास्तरीणबाई दारात बसून डाळ निवडायच्या.

"वहिनी, गंगा प्रथम पाहिली तेव्हा कशी दिसली?"

"गढूळ."

"गढूळ कसं लिहायचं?"

"होती म्हणून."

मास्तरांनी लिहिलं, स्फटिकासमान. दारातून मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही पांझरा नदीच्या पलीकडे कधी गेला नाहीत. ती बाई बघून आली आहे."

"तू डाळीत लक्ष घाल. काल खडा लागला मला."

असं महिनाभर चाललं. भुसावळला गाडी बदलली ते, धर्मशाळेतली ढेकणं, पंड्याशी झालेलं भांडण, सगळं मी सांगितलं आणि सगळं त्यांनी गोड करून लिहिलं. मला त्याचं काही नव्हतं. मग एका सकाळी त्यांनी पान वाचून दाखवलं: "अशा त्या पुण्यक्षेत्री अक्कांनी देह ठेवला." मालक मुद्दाम ऐकायला येऊन बसले होते. त्यांनी डोळे पुसले. मालक उठून बाजारात गेले.

तेव्हा मास्तरीणबाईंनी सूप खाली ठेवलं.

"ताई, अक्कांचा गडू कुणी भरला?"

"अक्कानंच."

"माझी आई काशीला गेली होती. गडू निघायच्या दिवशी भरतात. ज्याचा त्यानं, स्वतःच्या हातानं. लगेच डाक लावून घेतात आणि थेट स्टेशनावर जातात. मग त्या काशीत कशा गेल्या?"

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. गावातले सगळे त्या गडूच्या पाया पडले, पण तो भरला कधी हे कुणाच्या मनात आलं नाही. मास्तर म्हणाले, "असेल काही अपवाद." त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा पाणी भरून आणा." मास्तर कळशी घेऊन खरंच गेले.

मग मी सांगितलं.

परतीच्या वाटेवर गाडीत अक्काला पटकी झाली, उलट्या थांबेनात. जंक्शनाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांचा दोष नव्हता. सकाळ होती. स्टेशनावर डॉक्टर आणि त्याची माणसं डबे तपासत होती. आमच्या मेळ्याचे म्होरके एक आबा होते. ते माझ्या कानाशी लागले, "बठ्ठासले उतारी देतीन. बोलू नको." सगळ्यांनाच उतरवलं तर? मला घरी दोन वर्षांचं लेकरू होतं. अक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ते मी खाली फळीवर ठेवलं आणि सरकून बसले. डॉक्टरच्या माणसानं विचारलं, "ये किसकी है?" कुणी बोलेना. त्यानं माझ्याकडे बघून परत विचारलं.

मी म्हणाले, "आमनी नही."

अक्का शुद्धीवर होती. डोलीत घातल्यावर तिनं मान वळवली. ती रडली नाही, ओरडली नाही. एखाद्याची चूक दुरुस्त करावी तशी म्हणाली, "मी तुनीच शे वं."

गाडी सुटली. तापीचा पूल आला, लोक पैसे टाकायला उठले, धक्का लागून माझी पिशवी वाजली, तेव्हा कळलं की तिचा गडू माझ्याजवळ राहिला. भुसावळच्या फलाटावर आबांनी मेळा गोळा केला. "अक्का काशीमा गयी. बठ्ठासनी आसंच सांगानं." सगळ्यांनी तसंच सांगितलं. आबा मेले, मेळ्यातले बहुतेक मेले. मी राहिले.

मास्तरीणबाईंनी मला थोपटलं नाही की धीर दिला नाही. मास्तरांचा टाक आणि कोरे कागद घेतले आणि लिहायला बसल्या. त्याही माझ्याएवढ्याच शिकलेल्या, अक्षर कोंबडीच्या पायांचं. मी सांगेन तसं लिहीत गेल्या. फक्त एका ठिकाणी थांबल्या.

"'मी तुझीच आहे' असं लिहू का?"

"नको."

"'मी तुझीच होते'?"

"नको. ती म्हणाली तसं लिहा."

मास्तर कळशी घेऊन आले तेव्हा तीन पानं झाली होती. त्यांनी उभ्यानं वाचली. म्हणाले, "हे पुस्तकात घालता येणार नाही. बाकीचं तसंच राहू दे, कुणाचं काय बिघडतं?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "मग पुस्तक नको."

ती पानं मी पदरात बांधून घरी आणली. मालक जेवून पानावरच बसले होते. मी वाचून दाखवली. वाचताना अडखळले, तरी पुरी केली. भिंतीपलीकडे मुसळ चालू झालं. पहिल्यांदा ते गडूकडे बघत राहिले, मी ऐकायची तसं ऐकत.

दुसऱ्या दिवशी जंक्शनाचं नाव विचारून ते एकटे गाडीत बसले. पाचव्या दिवशी परत आले. ओसरीवर काठी ठेवली, तेव्हा मी विचारलं, "काही कळलं?"

ते धुळ्यात आल्यापासून शहरी बोलायचे. त्या दिवशी गावचंच बोलले. "तठे बठ्ठं नवं बांधेल शे," म्हणाले. इतकंच.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. आत जाऊन रांजणातून स्वतः पाणी घेतलं. त्यानंतर सात वर्षं जगले, माझ्या हातचं जेवले, पण माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत. शेवटी तोंडात गंगा घालायची वेळ आली तेव्हा सुनेनं बाजारातून गंगेची शिशी आणली. मी देवळीकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली, नको.

पुस्तक झालं नाही. तीन पानं गडूखाली ठेवली आहेत. शेजारणीच्या घरी आता कुणी कांडत नाही, मिरच्या गिरणीतून दळून येतात. गडू तरी दुपारी वाजतो. मी आता उठून बाहेर जात नाही. गुडघे चालत नाहीत. बसते, आणि ऐकते.