एकच कप्पा बघायचा हुकूम

“पेशंटला सल्फाच्या गोळ्या सोसतात का? लगेच कळवा.” वॉर्डातून चिठ्ठी आली. मी तेव्हा सोलापुरात एका मोठ्या दवाखान्याच्या कार्डरूममध्ये होते. शिक्षण चौथी. वॉर्डाने विचारायचं, आम्ही कार्डं बघायची आणि साहेबांनी उत्तर लिहायचं.

कार्डं गावाप्रमाणे कप्प्यांत लावलेली. लग्न झालेल्या बाईसाठी आम्ही दोन कप्पे बघायचो, सासरच्या गावाचा आणि माहेरच्या. आमच्याकडे लग्नात पोरीचं आडनावच काय, नावही बदलतात. त्यामुळे वेळ जायचा. नव्या साहेबांनी नियम काढला. लग्नानंतर माहेरचं कार्ड सासरच्या कार्डाला जोडायचं. एका बाईचं सगळं एका जागी. मग माहेरचा कप्पा उघडायची गरजच नाही.

“पर साब, जुनी कार्डं जोडली कुनी?” माझ्याबरोबरच्या हमीदाबीने विचारलं.

“नियम निघालाय ना? जोडली जातील.”

“कपाटाला कान हायेत व्हय, तुमचा हुकूम ऐकायला?”

साहेब हसले. मीही तोंडाला पदर लावून हसले. जोडायला माणूस मिळाला नाही. एकच कप्पा बघायचा हुकूम मात्र त्याच दिवशी लागू झाला.

चिठ्ठीतली बाई वैशाली, सासर टेंभुर्णी. टेंभुर्णीच्या कप्प्यात तिचं कार्ड नव्हतं. साहेबांनी लिहिलं, ‘पूर्वी त्रास नाही.’ ती तापात बरळत होती. सासू म्हणाली, “आमच्यात आल्यापास्नं तिनं गोळी बघितली न्हाय.” ते खरंच होतं. गोळ्या सुरू झाल्या.

माहेराहून, होटगीहून, वैशालीची आई आली तोवर पोरीचं तोंड आतून सोललं होतं, अंगभर फोड आले होते. आई थेट आमच्या खिडकीशी आली.

“माझ्या सुमनला लहानपणी ह्याच गोळ्यांनी असं झालंवतं. हितंच होती की! तुमीच लिवून घेतलंवतं!”

हमीदाबीने होटगीचा कप्पा ओढला. सुमनच्या कार्डावर लाल शाईत होतं, सल्फा देऊ नये.

पोरगी वाचली. डोळे गेले. सासरच्यांनी तिला होटगीला पोचवलं आणि परत न्यायला कोणी आलं नाही.

चौकशीत साहेबांनी नियम दाखवला. नियम योग्य ठरला. मलाही तो चुकीचा वाटत नाही. कपाट तसं नव्हतं, एवढंच. आणि कार्ड सापडलं नाही म्हणजे त्रास नाही, असं होत नाही.

नंतर साहेबांच्या सांगण्यावरून मी सुमनचं कार्ड वैशालीच्या या वेळी केलेल्या नव्या कार्डाला टाचणीने जोडलं. मी तिथे होते तोवर नियमाप्रमाणे जोडलेलं तेवढंच एक.