पाटी धरून उभी राहिलेली माणसं

आमचे मामा घड्याळजी. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. बोलण्याआधी ते घसा असा खाकरतात, की घड्याळाला चावीच देताहेत. दिवसभर लोकांची घड्याळं वेळेवर आणायची आणि आपण मात्र दीडशे वर्षं मागे जाऊन बसायचं. नाद जुन्या रस्त्यांच्या फोटोंचा. पिवळट, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडा उंदरांनी चाखलेले.

"तेव्हाच्या कॅमेऱ्याला," खर्रर्र, "घाई चालायची नाही. चालता माणूस धुऊन जायचा. थांबला तोच उरला."

"म्हणून तुम्ही उठतच नाही वाटतं," पडद्याआडून मामी.

या खेपेला भंगारवाल्याने एकाच गल्लीचे अकरा फोटो आणले. प्रत्येकात एक दार, आणि दारात पाटी धरून उभं एक माणूस. पाटीवर आकडा, एक ते अकरा. मामा हरखले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी एकेकाची मिशी वाचली. सातव्या दारातल्या बाईच्या कडेवरचं पोर हललं होतं. मानेच्या वर नुसता धूर.

बुधवारी आमच्याच गल्लीत एक माणूस तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा लावून उभा राहिला. लोण्यासारखं बोलणं. "काका, एवढी पाटी धरता का, बरं का, दारातच."

पाटीवर सतरा. दुसऱ्या कुणी आधी विचारलं असतं, कशाला म्हणून. मामांनी कॉलर सरळ केली, पाटी छातीशी धरली आणि श्वास रोखला. शंभर वर्षांनी कुणीतरी भिंगातून आपल्यालाही बघणार, या सुखात.

"लग्नाच्या फोटोत एवढे ताठ नव्हतात हो," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला परत आला. "त्याच गठ्ठ्यातला आहे. गाडीत पडून राहिला होता."

बारावा फोटो. त्यात दार नव्हतंच. मोकळं मैदान, दगडांचे ढीग, दोन रिकाम्या गाड्या. मामांनी तो अकराव्याशेजारी ठेवला. मागचा मनोरा तोच. वाकलेला दिव्याचा खांबही तोच. पुठ्ठा उलटा केला. मागे सुबक अक्षरात लिहिलं होतं : एक ते अकरा, काम पूर्ण.

मामी चहा घेऊन आली. तिच्या तोंडात काहीतरी तयार होतं, मला दिसत होतं. फोटो बघून तिने ते गिळलं. भिंतीवरची घड्याळं टिकटिकत होती, कधी नव्हे ती सगळी एकाच चालीत.

"आपला आकडा कितीचा होता हो?"

"सतरा."

बाहेर शिंप्याचं हसणं ऐकू आलं. त्याचं दुकान आमच्या शेजारी, काल बंद होतं. मामा तसेच, भिंग डोळ्यावर ठेवून, बाहेर गेले. शिंपी दारात उभा, गळ्यात टेप, हातात अठरा.

"हल," मामा म्हणाले. घसा न खाकरता. "उभा राहू नकोस. हलत राहा."

"का हो घड्याळजी, फोटो काय तुमचाच यायचा?" शिंपी म्हणाला. तरी त्यांचं मन राखायला त्याने मान दोनदा डोलावली.

कॅमेरावाल्याने डोळा बाजूला केला नाही. "हलू द्या त्यांना, काका. हल्ली हललं तरी स्पष्ट येतं, बरं का."

मग त्याने पाटी मागून घेतली, बाहीने पुसली आणि एकोणीस लिहायला घेतलं.